अँटिव्हायरस खरंच काम करतोय का?

प्रश्न : आमच्याकडे घरचा डेस्कटॉप आहे. मुलगी त्यावर कॉलेजचे प्रोजेक्ट करते, मी सोसायटीचे हिशेब ठेवतो, बँकेचे व्यवहारही त्यावरूनच होतात. खाली उजव्या कोपऱ्यात ढालीचं चिन्ह असतं, त्यावर हिरवी खूण असते. पण आजवर त्या अँटिव्हायरसने काही पकडल्याचं एकदाही सांगितलेलं नाही. व्हायरस आलाच नाही, की आलेला त्याला दिसला नाही, हे मला कसं कळणार? मुद्दाम व्हायरस आणून बघायची तर हिंमत होत नाही.
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ही शंका फार थोड्यांना येते, आणि ती प्रत्येकाला यायला हवी. अँटिव्हायरस गप्प असतो तो दोन अगदी उलट कारणांनी. एक तर संगणकात घातक काही आलेलं नसतं, नाहीतर आलेलं असतं आणि त्याला पत्ताच लागलेला नसतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. हिरवी खूण एवढंच सांगते, की त्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या मते सगळं ठीक आहे. त्याला एकदा बोलतं केल्याशिवाय खात्री होत नाही. त्यासाठी खरा व्हायरस मात्र लागत नाही. गॅसची नळी गळते का हे बघायला आपण काडी ओढत नाही, साबणाचा फेस लावतो. इथल्या साबणाच्या फेसाचं नाव आहे ‘आयकार टेस्ट फाइल’.

फ्लॉपीच्या काळात हा प्रश्न पडत नसे. लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा व्हायरस १९८६ साली फ्लॉप्यांवरून जगभर गेला. त्यानंतर कित्येक वर्षं तपासणी ही माणसाने आपल्या हाताने करायची गोष्ट होती. फ्लॉपी घालायची, स्कॅन सुरू करायचं, पडद्यावर फाइलींची नावं पळताना बघायची आणि शेवटी किती सापडले तो आकडा वाचायचा. पुण्यात कैलाश काटकर यांचा दुरुस्तीचा व्यवसाय होता. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांमधले व्हायरस साफ करण्यासाठी त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी प्रोग्रॅम लिहिले आणि त्यातूनच १९९०च्या दशकात ‘क्विक हील’ उभं राहिलं. अँटिव्हायरस काम करतोय हे तेव्हा डोळ्यांना दिसत होतं.

आता तो मागे राहून काम करतो. तुम्ही फाइल उघडता, सेव्ह करता, पेन ड्राइव्हवरून उतरवून घेता, त्या प्रत्येक वेळी ऑपरेटिंग सिस्टिम ती फाइल आधी अँटिव्हायरसला दाखवते आणि त्याने होकार दिला की मगच पुढे जाऊ देते. यालाच ‘रिअल-टाइम प्रोटेक्शन’ म्हणतात. सगळं क्षणार्धात होतं, म्हणून आपल्याला जाणवत नाही. आणि जाणवत नाही, म्हणूनच ते बंद पडलं तरी कळत नाही.

आयकार ही युरोपातली अँटिव्हायरस संशोधकांची संस्था. तिने ‘कारो’ या संशोधकांच्या दुसऱ्या गटाबरोबर मिळून ही चाचणीची फाइल ठरवली. तिच्यात काय आहे, तर फक्त ६८ अक्षरं. इंग्रजी कॅपिटल अक्षरं, काही अंक, काही विरामचिन्हं. त्यातच ‘ही अँटिव्हायरसच्या चाचणीची प्रमाणित फाइल आहे’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य सरळ वाचता येतं. अँटिव्हायरस बनवणाऱ्यांनी आपसांत ठरवलेलं आहे, की ही अक्षरं दिसली की खरा व्हायरस सापडल्यासारखंच वागायचं. मला यातली कारागिरी फार आवडते. ही ६८ अक्षरं नुसता मजकूर नाहीत, डॉसवर खरोखर चालणारा प्रोग्रॅम आहे. चालवला तर तेच वाक्य पडद्यावर छापतो आणि थांबतो, बाकी काही करत नाही. डॉसला ‘आता छाप’, ‘आता थांब’ असं सांगणाऱ्या आज्ञांमध्ये कीबोर्डवरून टाइप न होणारी चिन्हं येतात. ती टाळण्यासाठी हा प्रोग्रॅम सुरू झाल्यावर स्वतःचाच काही भाग बदलतो आणि त्या आज्ञा तिथल्या तिथे तयार करतो. एवढा खटाटोप कशासाठी? तर ही फाइल कोणालाही साध्या कीबोर्डवर टाइप करता यावी म्हणून. आजच्या ६४-बिट विंडोजवर ती चालतही नाही, कारण तिथे १६-बिट डॉस प्रोग्रॅम चालत नाहीत. त्यामुळे घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

आता प्रत्यक्ष चाचणी. ती ओळ मी इथे छापत नाही, कारण एक चिन्ह इकडचं तिकडे झालं तरी चाचणी फसते. तिसरं अक्षर कॅपिटल ‘ओ’ आहे, तिथे शून्य टाइप करून फसणारे बरेच असतात. आयकारच्या अधिकृत संकेतस्थळावर, म्हणजे आयकार डॉट ऑर्गवर, ती ओळ मिळेल. पत्ता स्वतः टाइप करून जा, शोधताना वर येणाऱ्या जाहिरातींवरून जाऊ नका. तिथून ओळ कॉपी करा, नोटपॅडमध्ये नव्या कोऱ्या फाइलच्या अगदी सुरुवातीला चिकटवा, आणि डेस्कटॉपवर कोणत्याही नावाने सेव्ह करा. वर शीर्षक नको, आधी एखादी मोकळी जागाही नको. नियमच असा आहे, की फाइलची सुरुवात त्या ६८ अक्षरांनीच झाली पाहिजे. त्यांच्यापुढे मोकळ्या जागा चालतात, पण सगळी मिळून फाइल १२८ अक्षरांपेक्षा मोठी असता कामा नये. ही मर्यादा मुद्दाम घातली आहे, नाहीतर ती ओळ उद्‌धृत करणारा प्रत्येक लेख अँटिव्हायरसने व्हायरस म्हणून उचलला असता.

सेव्ह करताच, किंवा फार तर काही सेकंदांत, तुमच्या अँटिव्हायरसने सूचना दिली पाहिजे आणि फाइल डेस्कटॉपवरून नाहीशी झाली पाहिजे. मग अँटिव्हायरस उघडून त्याची नोंदवही बघा. विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडरमध्ये ती ‘प्रोटेक्शन हिस्ट्री’ या नावाने असते, आणि तिथे ‘डॉस’ व ‘आयकार टेस्ट फाइल’ हे शब्द असलेली ताजी नोंद दिसेल. समोर ‘सिव्हिअर’ म्हणजे अतिगंभीर असा शेरा असला तरी दचकू नका. हीच नोंद खरा पुरावा. पडद्यावरची सूचना कधी कधी दिसत नाही, मुलांनी गेम खेळताना सूचना बंद करून ठेवलेल्या असतात. वहीत नोंद असेल, तर पहारा चालू आहे.

थेट फाइल डाउनलोड करूनही चाचणी होते, पण तिथे निष्कर्ष काढताना गल्लत होते. क्रोम किंवा एज ब्राउझर स्वतःच धोक्याच्या फाइली अडवतात. फाइल अडली म्हणजे अँटिव्हायरसनेच अडवली असं नाही. म्हणून मला नोटपॅडची पद्धत अधिक भरवशाची वाटते, तिच्यात ब्राउझर मध्ये येत नाही. संस्थेच्या पानावर झिप केलेली आणि झिपमध्ये पुन्हा झिप केलेली अशाही फाइली आहेत. झिप उतरवून घेताना अँटिव्हायरस काहीच बोलला नाही तर लगेच त्याला नापास करू नका. वेळ वाचवण्यासाठी बरेच अँटिव्हायरस झिपच्या आत त्या क्षणी शिरत नाहीत. झिप उघडून आतली फाइल बाहेर काढताना त्याने पकडलं पाहिजे. तिथेही पकडलं नाही, तर मात्र गडबड आहे.

एक काळजी घ्या. हे फक्त घरच्या संगणकावर करा. ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या संगणकावर केलंत तर तिथल्या सिस्टिम सांभाळणाऱ्या माणसाकडे खऱ्या हल्ल्याचा इशारा जाईल आणि त्याची सगळी सकाळ त्यात जाईल. ही फाइल कुणाला ईमेलने किंवा पेन ड्राइव्हवरून गंमत म्हणूनही देऊ नका.

पकडलं नाही तर? आधी ओळ नीट चिकटली आहे ना, सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-१६ तर निवडलेलं नाही ना, हे बघा. त्या प्रकारात प्रत्येक अक्षर दोन बाइटचं होतं आणि ओळ ओळखता येत नाही. ते ठीक असेल तर विंडोज सिक्युरिटी उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये जा आणि तिथे रिअल-टाइम प्रोटेक्शनचं बटण चालू आहे का बघा. डिफेंडरचं हे बटण तुम्ही बंद केलंत तरी थोड्या वेळाने ते आपोआप पुन्हा चालू होतं. ते चालूच होत नसेल, किंवा अँटिव्हायरस उघडायला गेलं की लगेच बंद होत असेल, तर कुणीतरी ते मुद्दाम पाडलं आहे असं समजून चाला. अँटिव्हायरस लंगडा करणं हे अनेक घातक प्रोग्रॅमचं पहिलं काम असतं. अशा वेळी ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ निवडा. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि नेहमीचं विंडोज उठायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेल्याला लपायला जागा राहत नाही. साधारण पंधरा मिनिटांचं काम आहे. आपल्या केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २०१७ साली सुरू केलेल्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’च्या संकेतस्थळावरही सफाईची साधनं मोफत मिळतात.

आता या चाचणीने काय सिद्ध होत नाही, ते सांगायलाच हवं, कारण लोक पास झाल्याच्या आनंदात इथेच थांबतात. आयकारची फाइल प्रत्येक अँटिव्हायरसला वर्षानुवर्षं पाठ आहे. दोन वर्षांत एकही अपडेट न घेतलेला अँटिव्हायरसही ती अगदी रुबाबात पकडेल. म्हणजे पहारेकरी जागा आहे एवढं कळलं. आज हिंडणारे चोर त्याला ओळखता येतात का, हे कळलं नाही. त्यासाठी तारीख बघायची. डिफेंडरमध्ये ‘प्रोटेक्शन अपडेट्स’ या भागात ‘सिक्युरिटी इंटेलिजन्स’ कधी अपडेट झालं ते तारीख-वेळेसकट लिहिलेलं असतं. दुसऱ्या कंपन्यांच्या अँटिव्हायरसमध्ये ‘व्हायरस डेटाबेस’ किंवा ‘डेफिनिशन्स’ असं काही असेल. ती तारीख आजची किंवा कालची हवी. आठवड्यापूर्वीची असेल तर ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबा. महिन्यापूर्वीची असेल तर काहीतरी अडकलं आहे. जुन्या डेस्कटॉपमध्ये याचं एक कारण कुणाच्या ध्यानातच येत नाही. मदरबोर्डवर नाण्याएवढा गोल सेल असतो, तो संपला की संगणक दर वेळी सुरू होताना जुनीच तारीख दाखवतो. तारीख चुकली की सुरक्षित जोडण्या नाकारल्या जातात आणि अपडेट येत नाहीत. सीआर२०३२ हा सेल कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो.

अपडेट रोजचे असले तरी शंभर टक्के भरवसा कशाचाच नाही. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रॅमने जगभर धुमाकूळ घातला. युक्रेनमध्ये वापरल्या जाणाऱ्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो शिरला आणि तिथून मर्स्क कंपनीच्या संगणकांमार्गे आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं एक टर्मिनलही त्याने ठप्प केलं. पहिल्या दिवशी तो कुणाच्याच पाठांतरात नव्हता. विश्वासाच्या सॉफ्टवेअरच्या पोटातून आला, शिवाय विंडोजमधल्या ज्या भोकाचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं ते अनेकांनी लावलंच नव्हतं. म्हणून विंडोजचे अपडेट आणि अँटिव्हायरसचे अपडेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही लागतात. तुमच्या सोसायटीच्या हिशेबाची एक प्रत, काम झाल्यावर काढून ठेवता येईल अशा हार्ड डिस्कवर ठेवा. सतत जोडलेली डिस्क अशा हल्ल्यात मूळ फाइलीबरोबरच जाते.

आणखी खोलात जायचं असेल तर ‘ॲमत्सो’ या संस्थेच्या संकेतस्थळावर काही निरुपद्रवी चाचण्या आहेत: नको असलेला प्रोग्रॅम अडवला जातो का, फसवं पान अडवलं जातं का, अँटिव्हायरस कंपनीच्या क्लाउडला विचारतो का. अँटिव्हायरसच्या चाचण्या नीट कशा घ्याव्यात हे ठरवण्यासाठी २००८ मध्ये स्थापन झालेली ही संस्था. तिथली एखादी चाचणी तुमच्या अँटिव्हायरसने सोडली तर ती सोय त्यात मुळातच नसेल, असंही असू शकतं. दोन-तीन महिन्यांतून एकदा आयकारची चाचणी आणि तारखेवर एक नजर, घरच्यासाठी मला एवढं पुरेसं वाटतं.

प्रश्न : माझा डीटीपीचा लहानसा व्यवसाय आहे. संगणक दुरुस्त करणाऱ्याने एक सॉफ्टवेअर घालून देताना अँटिव्हायरस बंद केला होता, नंतर चालू करून दिला. आयकारची चाचणी केली तर फाइल पकडली जाते. तरी मनात शंका आहे.
– एक वाचक, सांगली

उत्तर : शंका रास्त आहे. चाचणी तुम्ही डेस्कटॉपवर केली असेल. आता तीच फाइल ज्या फोल्डरमध्ये ते सॉफ्टवेअर आहे तिथे सेव्ह करून बघा. तिथे अँटिव्हायरस गप्प राहिला, तर त्या माणसाने ते फोल्डर ‘एक्सक्लूजन्स’च्या यादीत घालून ठेवलं आहे. या यादीतल्या जागेकडे अँटिव्हायरस ढुंकूनही बघत नाही. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर येणाऱ्या सूचनांमध्ये पहिली ओळ बहुधा हीच असते: अँटिव्हायरस बंद करा, हे फोल्डर वगळा. काहींनी तर अख्खा सी ड्राइव्ह वगळलेला असतो. वर हिरवी खूण आणि आत कुठेच तपासणी नाही.

विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘मॅनेज सेटिंग्ज’मध्ये खाली गेलात की एक्सक्लूजन्सची यादी दिसेल. तुम्ही स्वतः विचार करून घातलेली नोंद सोडून बाकी सगळ्या काढून टाका आणि मग फुल स्कॅन लावा. क्विक स्कॅन नेहमीच्या धोक्याच्या जागाच बघतो, इथे तो पुरणार नाही. स्कॅनला काही तास लागतील, रात्री लावून ठेवा. त्याच पानावर ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ चालू आहे ना, तेही बघा. दुसऱ्या प्रोग्रॅमला अँटिव्हायरसच्या सेटिंगमध्ये परस्पर हात घालता येऊ नये, यासाठी ते असतं.

यानंतर ते सॉफ्टवेअर बंद पडलं किंवा त्यातली एखादी फाइल पकडली गेली तर तुमचं काम अडेल, याची मला कल्पना आहे. तरीही ते पुन्हा यादीत घालू नका. गिऱ्हाइकांच्या पत्रिका, आधार कार्डांच्या प्रती, पासबुकांची स्कॅन केलेली पानं त्याच संगणकावर असतात. धोका फक्त तुमच्या एकट्याच्या मालाचा नाही. डीटीपीच्या बऱ्याचशा कामासाठी स्क्रायबस आणि इंकस्केप ही मोफत, कायदेशीर सॉफ्टवेअर आहेत आणि युनिकोड मराठी त्यांत चालतं. जुन्या फॉन्टमधल्या फाइलींचा प्रश्न उरतो, तो खरा आहे. त्याचं उत्तर परवाना विकत घेणं हेच आहे.

प्रश्न : एकाऐवजी दोन अँटिव्हायरस टाकले तर जास्त सुरक्षित नाही का? आणि आमचं विंडोज १० आहे, ते चालेल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दोन नकोत. दोघेही एकाच फाइलला एकाच वेळी धरायला जातात, संगणक रखडतो, आणि एकाने अलग ठेवलेली फाइल दुसरा पुन्हा धोका म्हणून दाखवतो. तुम्ही दुसरा अँटिव्हायरस टाकला की डिफेंडर आपणहून मागे सरतो. गोंधळ होतो तो विकत घेतलेल्याची किंवा नव्या संगणकाबरोबर फुकट आलेल्याची मुदत संपल्यावर. कोण पहाऱ्यावर आहे हे विंडोज सिक्युरिटीच्या सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’खाली नावासकट दिसतं. मुदत संपलेला ठेवायचा नसेल तर नीट अनइन्स्टॉल करा, संगणक पुन्हा सुरू करा आणि डिफेंडर कामावर आला का बघा. मग आयकार.

विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. डिफेंडरला व्हायरसची नवी माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहील असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं आहे, पण विंडोजमधली भोकं त्याने बुजत नाहीत. संगणक विंडोज ११ ला चालत असेल तर बदला, नसेल तर वाढीव सुरक्षा अपडेटची योजना घ्या.

प्रश्न : बातम्या वाचताना अचानक पूर्ण पडदा लाल झाला, ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस आहेत, या नंबरवर फोन करा’ असा इंग्रजी आवाज सुरू झाला. हा आमच्या अँटिव्हायरसनेच दिलेला इशारा होता का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : नाही. फोन नंबर दिसला तिथेच ओळखायचं. विंडोजच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. ते नुसतं वेब पान होतं, पूर्ण पडदा व्यापून अँटिव्हायरसचं सोंग घेतलेलं. तुमचा संगणक त्या पानाने तपासलेला नसतो, कारण वेब पानाला तुमच्या हार्ड डिस्कवरच्या फाइली तशा बघताच येत नाहीत.

अशा वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ब्राउझर निवडा आणि ‘एंड टास्क’ करा. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर तो आधीची पानं आणू का म्हणून विचारेल, त्याला नाही म्हणा. मग स्टार्ट मेनूमधून तुमचा खरा अँटिव्हायरस उघडा आणि त्याची नोंदवही बघा. तिथे त्या वेळेची नोंद नसेल तर इशारा त्याचा नव्हता. कोपऱ्यात सारख्या येणाऱ्या छोट्या सूचनांचंही बऱ्याचदा असंच असतं. कधीतरी एखाद्या संकेतस्थळाला आपण ‘अलाउ’ म्हटलेलं असतं आणि ते ब्राउझरमार्फत अँटिव्हायरसच्या नावाने सूचना धाडत राहतं. ब्राउझरच्या सेटिंग्जमधल्या ‘नोटिफिकेशन्स’मधून अनोळखी नावं काढून टाका.

घरातल्या कुणी त्या नंबरवर फोन केला असेल आणि सांगितल्यावरून संगणकाचा ताबा देणारं ॲप टाकलं असेल, तर रागावत बसू नका, आधी इंटरनेटची वायर काढा किंवा वायफाय बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी ते गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. गोव्यात आणि महाराष्ट्रात, दोन्हीकडे हाच क्रमांक चालतो.